कियोहारूचा जळका कुपा

कुपा, म्हणजे हॉटेलात ज्याला ट्यूना म्हणतात तो, उत्तरेकडच्या आमच्या सामुद्रधुनीत येतो तो माकूळ खाऊन लठ्ठ व्हायला. जन्म त्याचा दक्षिणेचा, ओकिनावा-तैवानकडच्या उबदार पाण्यातला. काही कुपे पोरवयातच अख्खा पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोच्या किनाऱ्याला जातात, काही वर्षं तिकडे काढतात आणि परत येतात. का, हे विचारायला त्यांना थांबवण्यात अर्थ नाही. थांबला की कुपा गुदमरतो. तोंड उघडं ठेवून पोहत राहणं हाच त्याचा श्वास. शिवाय मासा असून त्याचं अंग ऊन असतं. डिसेंबरात आमच्या पाण्यात बोटं बधिर होतात, आणि हा आतून उबदार.

आमच्या गावच्या कियोहारू कोळ्याचं दुखणं या उबेतच होतं. गळाला लागलेला कुपा फार वेळ झुंजला तर स्वतःच्याच उष्णतेने आतून भाजून निघतो. मांस पांढुरकं पडतं, आंबूस लागतं. धक्क्यावर शेपटीजवळ काप काढून मांस पाहणं हे माझं काम. गावाला वाईट बातम्या सांगण्याचा मान डॉक्टरांच्या खालोखाल माझ्याकडे आहे.

कियोहारूची बोट जोडप्याची होती. तो गळाचा दोर धरायचा, सुकाणू त्याच्या बायकोकडे, सात्सुएवहिनींकडे. मासा पळेल तिकडे त्या बोट नेत, म्हणून झुंज लवकर आटपे. बोटीवर दोघं फक्त भांडत. "आंधळे आहात का, डावीकडे गेला तो" हे वहिनींचं वाक्य वारा बरा असला तर किनाऱ्यावर ऐकू यायचं.

वसंतात वहिनी गेल्या. तेव्हापासून कियोहारू एकटा जाई आणि जळका मासा घेऊन येई.

"जळलाय," मी म्हणायचो.

"जळणारच. सुकाणूवर कोण होतं?"

"मग कुणाला तरी घ्या बोटीवर."

"घेतलं तर त्याच्याशी बोलावं लागेल."

वहिनींच्या जागी दुसरं कुणी चालणार नाही, हे तो तोंडाने कधी म्हणाला नाही. ते काम मासे करत होते. प्रत्येक जळका कुपा त्याने वहिनींच्या बाजूने दिलेल्या साक्षीसारखा धक्क्यावर आणून टाकला.

मग एका सकाळी शेजारचा नोबुमित्सु त्याच्या बोटीत उतरून बसला. "माझं इंजिन दुरुस्तीला आहे. घरी राहिलो तर बायको कपाटं आवरायला लावते. ने मला." कियोहारूने धक्क्याला बांधलेला बोटीचा दोर सोडला. आमच्याकडे दोर सोडल्यावरच्या गप्प राहण्याला होकार समजतात.

दुपारी ते परतले. मासा मोठा होता.

"हा अर्धा दिवस जावयाबद्दल बोलत होता," कियोहारू म्हणाला. "मासा लागला तेव्हा गप्प बसला, एवढीच मेहेरबानी."

"आणि सुकाणू काय जावयाने धरलं?" नोबुमित्सु म्हणाला.

मी काप काढला. मांस लाल, नितळ होतं. भोवतीची माणसं खूश झाली. कुणी कियोहारूच्या पाठीवर थाप मारली. तो उकिडवा बसला.

"नीट बघ."

"बघितलं."

"कडेला पांढरं दिसतंय."

"तो उजेड आहे, कियोहारू-सान."

"अजून एक काप काढ."

दुसऱ्या कापाने मासा बिघडतो, भाव पडतो. व्यापारी कुरकुरले. मी कापला.

"साफ आहे."

त्याने स्वतः अंगठ्याने मांस दाबून पाहिलं, वास घेतला. बराच वेळ घेतला.

"म्हणजे कुणालाही जमतं," तो म्हणाला.

नोबुमित्सुकडे जावयाचे अजून बरेच किस्से शिल्लक असावेत, पण त्याने एकही काढला नाही. म्हणाला, "उद्या किती वाजता निघायचं?"

"तूच ने बोट. सुकाणू तुला येतंच."

"आणि दोर कोण धरणार?"

"त्यालाही कुणीही चालेल," म्हणत कियोहारू उठला आणि घराकडे चालू लागला. मासा बर्फात ठेवायचा राहिला होता. तो आम्ही ठेवला.