सलामाचा हात

आमची पलटण सोलापुरात होती तेव्हा मी शिकाऊ अफसर होतो, मिसरूड नुकतंच फुटलेलं. माझ्या तुकडीचे हवालदार केम गावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी दिसलो की ते सलाम ठोकत. साहेबानं सलाम घेतल्याशिवाय हात खाली आणायचा नाही, हा नियम ते कसोशीनं पाळत. मला त्या सलामाची भीती वाटे. कारण माझा हुकूम चुकला तरी ते "जी साहेब" म्हणून तस्साच पार पाडत. एकदा मी गडबडीत डावीकडेऐवजी उजवीकडे म्हणालो, तर त्यांनी अख्खी तुकडी बाभळीच्या काट्यांत घातली. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग एकदा कापडगिरणीच्या फाटकावर आमच्या तुकडीचा बंदोबस्त होता, तिथं संपकऱ्यांचा जमाव आला. दगड सुरू झाले. एक दगड हवालदारांच्या कपाळाला लागला. रक्त न पुसता ते माझ्याकडे वळले.

"बंदुका भरल्यात, साहेब. म्होरं माजा धाकटा भाऊ हाय. हुकूम?"

आवाजात विनवणी नव्हती. कसाबसा म्हणालो, "थांबा."

ते थांबले. ऊन चढलं तसा जमाव पांगला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सलाम ठोकला तेव्हा मला राहवलं नाही.

"हवालदार, मी 'गोळी झाडा' म्हणालो असतो तर?"

"झाडली असती की, साहेब."

कपाळाला पट्टी होती. सलामाचा हात तसाच वर होता, मी सलाम घेईपर्यंत तो खाली येणार नव्हता. आणि माझा हात काही केल्या उठेना.