कट केलेलं नाव

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मी हे सांगायला लागलो की बायको म्हणते, झालं यांचं सुरू. पण आहे ते आहे. मराठी विषय घेऊन बी.ए., मग बी.एड. आणि परतूरच्या एका शाळेत कायम नोकरी. दोन हजार सालाच्या आगेमागे शाळेत कॉम्प्युटर येणार अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा कुणी सांगायच्या आधीच मी दर रविवारी रेल्वेनं जालन्याला जाऊन शिकायला लागलो. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानाच्या वर, माडीवर, एक डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं असलं काम. तिथली ऑपरेटर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बारावी झालेली. तीच माझी गुरू.

टायपिंग हळूहळू जमलं, पण मला खरं वेड लावलं ते कट, कॉपी, पेस्टनं. फळ्यावर एक ओळ वर घ्यायची तर सगळं पुसून परत लिहावं लागतं. इथं दोन बटणं दाबली की ओळ उठून पाहिजे तिथं जाऊन बसायची.

ती सांगायची, "सर, कॉपी केलं तर मूळ जागेवर राहतं. कट केलं तर उचललं जातं, अन् मंग कुठंच दिसत न्हाई. आधी ठेवायचं, मंगच दुसरं उचलायचं. ह्याच्या हातात एका वेळी एकच मावतं."

"कळलं, कळलं," मी म्हणायचो. समोरचा सांगत असला की आपल्याला आधीच कळलंय असं दाखवायची माझी खोड जुनी आहे.

त्याच वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. पत्रिका मी स्वतः कॉम्प्युटरवर करणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं. दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला समोर बसवून एकेक नाव लिहून घ्यायला लावलं. आमच्याकडं पत्रिका नुसती मुहूर्त कळवायला नसते. कुणाचं नाव कुणाच्या वर अन् कुणाच्या खाली, यावरून माणसं दहा-दहा वर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत. व्यवस्थापकांच्या यादीत पहिलं नाव मोठ्या बाबांचं होतं, दादांच्या थोरल्या भावाचं.

मोठे बाबा शाळेत कधी गेलेच नाहीत. मी जालन्यात कॉलेजला होतो, तेव्हा माझा डबा सकाळच्या एसटीनं यायचा. जांब समर्थच्या पलीकडं आमचं गाव. तिथून मोठे बाबा तो डबा घेऊन फाट्यापर्यंत चालत यायचे आणि ड्रायव्हरच्या हाती द्यायचे. एखादा ड्रायव्हर नाही म्हणाला, तर स्वतःच गाडीत बसून यायचे आणि हॉस्टेलच्या दारातून ओरडायचे, "हाय का आमचं बीए?" पोरं हसायची. मला लाज वाटायची, हेही इथं लिहून टाकतो.

तर त्या रविवारी पत्रिका जुळवताना मला वाटलं, मोठ्या बाबांचं नाव यादीत कशाला? वर, एकटं, ठळक अक्षरात पाहिजे. मी ते यादीतून कट केलं. वर जाऊन ठेवणार, तेवढ्यात दिसलं की खालच्या ओळीत गावाचं नाव राहिलंय. ते दुसरीकडून कॉपी केलं, खाली ठेवलं. बराबर बसलं. मग त्याचा आकार वाढव, तारखेभोवती वेल काढ, यातच रमलो. एका वेळी एकच मावणाऱ्या त्या हातातून मोठे बाबा केव्हाच गळून पडले होते.

ऑपरेटरनं प्रूफ पुढ्यात ठेवलं. "सर, घरच्या कागदाशी ताडून बघा. एकेका नावावर बोट ठेवून."

"अहो ताई, मी मराठीचा शिक्षक आहे," मी म्हणालो. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, एक रफार सुधारला आणि सही केली. प्रूफवर जे होतं, तेवढंच तपासलं.

पत्रिका छापून आल्या. रिवाजाप्रमाणं पहिली देवापुढं ठेवली आणि दुसरी घेऊन मी मोठ्या बाबांच्या घरी गेलो. त्यांनी धोतराला हात पुसून ती घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"ह्यातलं समदं तू केलं? मशीनवर?"

"हो."

"मंग दाखव बरं, माझं नाव कुठंशीक हाय?"

मी बोट वर नेलं. वर वेल होती. यादीत आलो. यादी दुसऱ्या काकापासून सुरू होत होती. मोठी आई चुलीपाशी हात थांबवून बघत होती. मी बोट दादांच्या नावावर ठेवलं आणि म्हणालो, "हे काय."

त्यांनी त्या नावावरून अंगठा फिरवला. "आसं दिसतं व्हय," म्हणाले.

त्याच दुपारी ते पत्रिका घेऊन मारुतीच्या पारावर गेले. पोस्टमन टपाल वाटत बसला होता. त्याला म्हणाले, "हे बघ, पोरानं माझं नाव किती झ्याक काढलं." पोस्टमननं वाचलं आणि हसून म्हणाला, "बाबा, हे तर तुमच्या भावाचं नाव हाय. तुमचं तर पत्रिकेत न्हाईच की!" पारावर चार माणसं होती. हे मला नंतर मोठ्या आईनं सांगितलं.

निम्म्या पत्रिका वाटायच्या बाकी होत्या. माझं अक्षर चांगलं आहे, पेनानं नाव घालता आलं असतं. पण दादांच्या अजून लक्षात आलं नव्हतं; पेनाचं अक्षर दिसलं की त्यांनी विचारलं असतं, हे काय, बी.ए.च्या हातून? म्हणून मी पेन उचललं नाही.

मोठे बाबा लग्नाला आले. शेवटची पंगत उठेपर्यंत कढईतली बुंदी वाढत होते. नंतर टाकीवर हात धुताना मी शेजारी आलो, तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले,

"नाव न्हाई, तर न्हाई म्हणायचं. माझं काय त्याच्यावाचून अडलं होतं? तू न्हाई म्हणला असता, तर मी म्हणलो असतो, जाऊ दे."

"मोठे बाबा, ते कॉम्प्युटरमध्ये..."

"कॉम्प्युटरनं नाव खाल्लं आसंल. बोट तर तुझंच होतं ना?"

मी ते नाव वर ठेवायलाच उचललं होतं, हे तेव्हा सांगितलं असतं तर ती आणखी एक थाप वाटली असती. पुढं सांगायचं ठरवून दोन-तीनदा गेलो. दरवेळी पाऊसपाण्याचं बोलून परत आलो. ते गेले, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

बोलणं त्यांनी कधी सोडलं नाही, तोंडही कधी वाकडं केलं नाही. फक्त त्या लग्नानंतर मी गावी गेलो की ते बाजेवरून उठायचे, माझ्यासाठी घोंगडी झटकून अंथरायचे आणि आत हाक द्यायचे, "चहा टाका, सर आलेत."