अडचण आली

माधव नगरच्या बागेत ती रोज सकाळी भेटते, पण नाव विचारायचं राहिलंच, कारण ती थांबत नाही. "ताई, बोलायचं तर सोबत चला," म्हणते आणि हात जोरात हलवत पुढे जाते. पीसीओडीमुळे तिची पाळी महिनोन्‌महिने येत नाही. "डॉक्टरीण बोलली, रोज चालणं जरूरी आहे. बस, चालते." कडाक्याच्या थंडीत बागेत कुणी नसतं, तेव्हाही ती असते.

काल मात्र माझ्या बाकापाशी थांबली. हात पोटावर, चेहरा उजळलेला.

"ताई, अडचण आली. पाच महिन्यांनी."

पाळीला आमच्याकडे अडचण म्हणतात, तेही कुजबुजत. इतक्या आनंदाने हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"मग आज घरी जाऊन आराम कर."

"दोन चक्कर बाकी आहेत," म्हणाली, आणि पोट धरूनच निघाली.