मोजणीकाकांची उलटी लबाडी

मोजणीकाका गेली बावीस वर्षं चौकाचौकांत घडीच्या खुर्चीवर बसून वाहनं मोजत आले. ओळखीच्या माणसाचं नाव विसरतील, पण धावत्या ट्रकची चाकं चुकणार नाहीत. बायको म्हणायची, "अहो, मी बोलतेय!" आणि रस्त्याकडे डोळे लावून काका म्हणायचे, "हं... सतरा."

त्यांचे आकडे ऑफिसातल्या इंजिनिअर बाईंच्या कॉम्प्युटरात जायचे. तिथे अख्खं शहर लुटुपुटीचं धावायचं. रस्ता एकेरी केला तर वेळ कुणाचा वाचतो आणि धूर-गोंगाट कुणाच्या बोकांडी बसतो, हे खऱ्या रस्त्यावरचा दगडही न हलवता कळायचं.

त्या दिवशी पडद्यावर मोठा रस्ता एकेरी झाला. प्रत्येक गाडीची चार मिनिटं वाचली. परतीचे ट्रक ज्या मागच्या गल्लीत घुसणार, ती मात्र हिरवीगार. म्हणजे तिला त्रास नाही.

"काका, योजना पास!" बाई म्हणाल्या.

काकांनी पडद्यावरच्या त्या गल्लीवर बोट ठेवलं. त्या गल्लीत त्यांची दमेकरी थोरली ताई राहायची.

"मॅडम, मी लबाडी केलीय."

"तुम्ही? आकडे वाढवलेत?"

"कमी केलेत. तिथे माझी ताई राहते. भावानं ट्रक फुगवले असं कुणी म्हणू नये, म्हणून हा ट्रक की टेम्पो, अशी जरा शंका आली की सोडून द्यायचो. आणि शंका... फार आल्या."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि हसतच सुटल्या. "अहो, लोक नातेवाइकांसाठी लबाडी करतात. नातेवाइकांच्या मुळावर उठलेले तुम्ही पहिलेच!"

पुढचे दोन दिवस त्या स्वतः काकांशेजारी खुर्ची टाकून गल्लीत बसल्या. खरे आकडे आत गेले आणि गल्ली लालभडक झाली. गाडीवाल्यांच्या चार मिनिटांची किंमत गल्लीतली फुप्फुसं मोजणार होती. योजना बदलली. ट्रक गावाबाहेरच्या रस्त्यानं पाठवायचं ठरलं.

ताईला सगळं कळलं, तेव्हा तिनं खोकता खोकता भावाची खरडपट्टी काढली. "जगाचे ट्रक मोजतोस आणि माझेच गिळतोस होय रे, गाढवा?"

"गिळले खरे. पण मॅडमनी ओकायला लावले."

"मग त्यांचे पाय धर जा!"

काकांनी आभाराचं भाषण आठवडाभर पाठ केलं. बाईंसमोर उभं राहिल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही ओरडला नाहीत," एवढंच कसंबसं निघालं.

"ओरडले असते, तर पुढची चूक सांगायला आला असतात का?"