मोराची पहिली चादर
कॉम्प्युटर उघडला की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला चादरींची डिझाइनं काढणारे ते काका आठवतात. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायला ते सोलापुरातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले होते. त्यांचा कॉम्प्युटर पुढे नव्या डिस्कवरूनच चालायचा होता. गप्पांच्या नादात मी कुठून कुठे उतरवायचं हेच उलटं निवडलं. कोरी डिस्क जुनीवर उतरली आणि त्यांची सगळी डिझाइनं पुसली गेली. “जुनी डिस्क आधीच गेली होती, काका,” मी सरळ खोटं बोललो. “मग तुमी तरी काय करनार?” ते म्हणाले, आणि माझ्यासाठी आणलेली चादर तरीही काउंटरवर ठेवली. “नवा मोर हाय. मागावरची पहिलीच.” त्या चादरीची घडी मी अजून मोडलेली नाही. तो मोर आता फक्त माझ्या कपाटात आहे.