मोटारीतला लाल दिवा

बाबूजींनी मोटार घेतली तेव्हा आमच्या गावाला रस्ता नव्हता.

"रस्ता का, होईन आज ना उद्या," बाबूजी म्हणाले. "असी मोटार भेटन का पुन्हा?"

गोऱ्या साहेबांचं राज्य नुकतंच गेलं होतं. जाताना साहेबांनी जे जे मागे टाकलं, त्यात ही मोटार होती. ती का टाकली ते आम्हाला हळूहळू कळत गेलं. रंग मुळात हिरवा असावा, आणि वय चारचौघांत विचारू नये असं. हिवाळ्यात तिला थंडी बाधायची, पावसाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात ऊन. एरवी ती उत्तम चालायची.

मी तेव्हा नागपूरहून नुकताच बी.एस्सी. होऊन आलो होतो. त्यामुळे मोटारीचं दुखणं ओळखायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. (माझा विषय वनस्पतिशास्त्र होता. पण गावात कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.)

मोटारीत समोरच्या फळीवर दोन-तीन काटे होते, ते कधी हलत नसत, आणि एक लाल दिवा होता. किल्ली फिरवली की तो लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मोटारीला हळद-कुंकू वाहायला आत्याबाई आल्या, तेव्हा मी त्यांना मोठ्या दिमाखात किल्ली फिरवून दाखवली. आत्याबाई म्हणजे बाबूजींच्या थोरल्या बहीण. आमच्या घरातले सगळे शकुन-अपशकुन त्यांच्या ताब्यात होते. शिंक आली तरी आम्ही आधी त्यांच्याकडे बघत असू.

"हा लाल दिवा कायचा रे, नारान?"

"हा दिवा म्हंजे गाडीचा जीव, आत्याबाई. दिवा लागला तं समजायचं, गाडी जित्ती हाये."

"आन् नाई लागला तं?"

"मंग समजायचं, मेली!"

वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हटलं. आत्याबाईंनी दिव्याला हात जोडले आणि पदरानं त्याची काच पुसली.

आता खरी गोष्ट. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. धान कापणीला आलेलं असतं, घरोघर पाहुणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य रंगतं, आणि या सगळ्या गर्दीत सोयरिकी जुळतात. आदल्या वर्षी आमगावच्या मंडईत मी एका मुलीला बांगडीवाल्याशी भाव करताना पाहिलं होतं. बांगडीवाला शेवटी हात जोडून म्हणाला, "बाई, तूच बस दुकानावर!" आणि ती खरंच बसायला निघाली! मी तिथेच कामातून गेलो. तिचं नाव कौशल्या. वर्षभर मी वेगवेगळ्या आडवाटांनी तिचा विषय घरात काढत होतो, आणि शेवटी यंदाच्या मंडईला तिला बघायला जायचं असं ठरलं.

अडचण एकच होती. त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं बालाघाटचा एक ओव्हरसियरही तिला बघायला येणार होता. सरकारी नोकरी, शिवाय डोक्यावर हॅट! तेव्हा आपण आधी पोचायचं आणि रुबाबात पोचायचं, म्हणून मी निरोप धाडला, "आम्ही मोटारीनं येतो." आमगाव आमच्या गावापासून दोन कोस. बैलबंडीनं गेलो असतो तर कधीच पोचलो असतो.

सकाळी नवा कोट घालून मी किल्लीला हात घातला. किल्ली आधीच फिरलेली होती. काल आपणच विसरलो असू असं समजून मी ती बंद करून पुन्हा फिरवली. लाल दिवा चुलीतल्या शेवटच्या निखाऱ्यासारखा मिणमिणला. बटण दाबलं. 'टक्' असा एकच आवाज आला.

"काऊन रे?" बाबूजी मागच्या सीटवरून म्हणाले. पागोटं बांधून ते केव्हाचे बसले होते.

"ऑइल कमी हाये," मी म्हणालो. दिवा मंद आहे म्हणजे तेल कमी, हे शास्त्र मला तिथल्या तिथे सुचलं. ऑइल ओतलं. टक्.

"प्लग खराब हायेत." प्लग काढून राखेनं घासले. ते भांड्यांसारखे चकाकले, पण टक्.

"मंग पेट्रोलच्या नळीत कचरा हाये." मी नळी तोंडात धरून जोरात ओढली. कचरा नव्हता, पेट्रोल होतं!

मग खाली बसून हँडल मारायला घेतलं. तिसऱ्या फेऱ्याला हँडल उलटं फिरलं आणि मला घेऊन झेंडूच्या वाफ्यात गेलं. बाबूजी म्हणाले, "शिकलेला मानूस हाये, बराबर करन."

आत्याबाई पुढच्या सीटवर, माझ्या शेजारच्या जागेवर, नथ घालून बसल्या होत्या. (मागे बसलं की त्यांच्या पोटात ढवळायचं.) त्या मधून मधून वाकून लाल दिव्याकडे बघत आणि समाधानानं म्हणत, "जित्ती हाये रे. धुगधुगी हाये."

ऊन वर आलं. माझ्या डोळ्यांपुढे बालाघाटची हॅट दिसायला लागली. खरंच रडू येण्याच्या बेतात होतो मी.

"ढकलून भागन का?" बाबूजींनी विचारलं.

"भागन, पन जोरात ढकला लागन. गाडी पयाली पाह्यजे."

"पयाली पाह्यजे?" बाबूजींचे डोळे चमकले. "मंग बैल लावू!"

आमचे बैल साधे नव्हते. बादल आणि वजीर ही आमची शंकरपटाची, म्हणजे शर्यतीची जोडी. पंचक्रोशीत त्यांचं नाव माझ्यापेक्षा जास्त लोकांना ठाऊक होतं. गडी बुधा त्यांना घेऊन आला, जुवाला दोर बांधून दोराचं दुसरं टोक मोटारीच्या नाकाला अडकवलं, आणि कासरा हातात घेऊन स्वतः बॉनेटवर चढून बसला.

"बाबूजी," तो म्हणाला, "हे पटाचे बैल हायेत. यायले हळू जाता नाई येत."

"हळू जाले कोन सांगून राहिलं तुले? हाक!"

बुधानं आरोळी ठोकली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. गावाबाहेरचा पिंपळ आला आणि गेला. बाबूजींचं पागोटं मागच्या मागे उडालं. मी जीव मुठीत धरून गिअर टाकला, क्लच सोडला, आणि मोटार खोकली, शिंकली, आणि चक्क सुरू झाली!

इंजिन सुरू झालं तसा अर्थातच लाल दिवा विझला.

"दिवा इझला!" आत्याबाई किंचाळल्या. "नारान, गाडी मेली रे!"

"मेली नाई, सुरू झाली, आत्याबाई!"

"सोयरिकीले चाललो आन् दिवा इझला! थांब, मी लावतो!" असं म्हणून त्यांनी वाकून किल्ली कचकन फिरवली. इंजिन बंद. पुन्हा उलटी फिरवली. बिचारा लाल दिवा परत मिणमिणायला लागला. "लागला रे बाप्पा! लक्ष्मीपूजनापासून रोज रातच्याले उठून लावून ठेवतो मी हा दिवा. कालबी पहाटेपर्यंत जपला. आन् तू ऐन टायमाले इझवतं?"

आत्ता कळलं! दिवाळीभर मोटारीची बॅटरी रात्ररात्र नंदादीपासारखी जळत होती. पण हे समजावून सांगायला तेव्हा सवड नव्हती. बादल-वजीर मागचा गडगडाट ऐकून आणखीच भडकले होते. बुधा बॉनेटला मिठी मारून पडला होता. मी ब्रेकवर उभा होतो (ब्रेक हे त्या मोटारीत पाय ठेवायची जागा होती) आणि गळ्याच्या शिरा ताणून "होऽऽ! थांबाऽऽ! होऽऽ!" असा ओरडत होतो.

आमगावच्या मंडईनं आमच्यासाठी वाट करून दिली. शेव-चिवड्याचं एक दुकान मात्र वाट करायला विसरलं. बैल थांबले ते थेट गर्दीच्या मधोमध, कारण बक्षीस तिथेच देतात असा त्यांचा अनुभव होता.

धूळ खाली बसली. समोर कौशल्याचे वडील उभे होते. त्यांच्यामागे कौशल्या, आणि शेजारी चहाचा कप हातात धरून हॅट. तोंडाला ऑइल, केसांत झेंडू आणि कोटावर शेव अशा अवस्थेत मी खाली उतरलो आणि नमस्कार केला. कौशल्याचे वडील माझ्या बाजूनं तसेच पुढे गेले. त्यांनी बादलच्या पाठीवरून हात फिरवला, वजीरचे खूर बघितले, दात बघितले.

"बैल कोनाचे?"

"आमचेच जी," बाबूजी उघड्या डोक्यानं म्हणाले.

"पोट्टा का करते?"

"बी.एस्सी. झाला."

"ते जाऊ द्या," ते म्हणाले. "जो घरचे बैल असे ठेवते, तो सुनेले उपासी नाई ठेवनार. पन पोरीले इचारतो." आणि त्यांनी कौशल्याकडे पाहिलं. हॅटही पाहत होती.

कौशल्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

लग्नानंतर एकदा न राहवून मी तिला विचारलं, "ओव्हरसियरले सोडून मले काऊन पसंत केलं?"

"तो आल्यापासून सोताचंच सांगून राहिला होता," ती म्हणाली. "सायेब असे म्हनाले, पूल असा बांधला. तुमी मोटारीतून उतरले, नमस्कार केला आन् गुपचूप उभे राहिले. मी म्हनलं, मानूस कमी बोलते, सुखानं ठेवन."

बैलांवर ओरडून ओरडून माझा घसा पार बसला होता. तो सुटला साक्षगंध झाल्यावर, आणि तोवर बिचारीला फार उशीर झाला होता.