उस्ता मितवल्लीचा डावा डोळा

दुमियात शहरातल्या सुतारगल्लीत फळी सरळ आहे का हे बघायला कोणी मोजपट्टी काढत नाही. फळीचं टोक गालाशी धरायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने कडेवरून नजर टाकायची. सगळेच सुतार असं करतात. उस्ता मितवल्ली बदरावी मात्र हातात फळी नसतानाही तसंच पाहायचा. बाजारातला मासा, नमाजातली रांग, मुलाच्या लग्नात आलेले व्याही, सगळं डावा डोळा मिटून. गल्ली म्हणायची, "उस्ताला एक डोळा पुरतो." हे त्याला फार आवडायचं.

त्याचं काम ओयमागीचं, म्हणजे लाकडावर वेलबुट्टी कोरायचं. नव्या नवरीच्या दिवाणखान्यात ज्या सोनेरी खुर्च्या मांडतात, त्यांच्या पाठीवरचे गुलाब त्याच्या हातचे. पाकळी किती खोल गेली हे बाकीचे कारागीर डोळ्यांनी पाहतात. मितवल्ली अंगठा फिरवून पाहायचा. चाळीस वर्षांत त्याच्या जोडखुर्च्यांचे गुलाब एकमेकांपेक्षा कधी कमीजास्त निघाले नाहीत. चहा मात्र त्याच्या हातून सरळ पेल्यात पडायचा नाही. किटलीचं तोंड आधी पेल्याच्या काठाला टेकवायचं, टिंग वाजलं की मगच ओतायचं, ही त्याची रीत. कधी घाईत ती चुकली की चहा तबकात. बायको, हाजा वगीदा, आतल्या खोलीतून ओरडायची, "अहो अबू रिफअत, पेला तिथंच आहे! पळून नाही गेला!"

विसाव्या वर्षी सैन्यभरतीत डोळे तपासले होते. भिंतीवर गोल कड्यांचा तक्ता, प्रत्येक कड्याला एक फट, फट कुठल्या बाजूला हे बोटाने दाखवायचं. उजव्याने त्याने शेवटची ओळसुद्धा धडाधड दाखवली. मग हवालदार म्हणाला, उजवा झाक. डाव्याला तक्ता आहे एवढं कळलं, कडी एकही नाही. मागे शंभरेक पोरं खोळंबलेली. मितवल्लीने डोळ्यावरची बोटं जराशी फाकवली आणि मोकळा झाला. यात आपण काही लबाडी केली असं त्याला वाटलं नाही. डावा हात उजव्यापेक्षा दुबळा असतो, तसा डावा डोळा, सगळ्यांचाच असणार. असल्या गोष्टी काय विचारायच्या? नेमबाजीत तो तुकडीत दुसरा आला. बंदुकीला दोन डोळे लागतात कुठे?

त्याचा मुलगा रिफअत कोरकामाला कंटाळून कुवेतला गेला आणि तिथे स्वयंपाकघरांची तयार कपाटं बसवू लागला. मितवल्लीला हे लागलं होतं. बोलायचा नाही, पण कपाट म्हटलं की तोंड वाकडं करायचा. त्यामुळे नातीने, सहा वर्षांच्या शहदने, एक दिवस दुकानात नव्या खुर्चीसमोर उभं राहून मान तिरकी केली, डावा डोळा मिटला आणि पाठीवरचा गुलाब निरखला, तेव्हा म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. "बघा! कोणी शिकवलं नाही तिला. रक्तात आहे, रक्तात!"

समोरचा पॉलिशवाला गमाल म्हणाला, "उस्ता, पोरगी आहे ती. ओयमागी करणार?"

"डोळा बघ तिचा. तुझ्या सात पिढ्यांत असा कोणाला होता?"

त्याने तिला बोथट पटाशी दिली आणि साबणाच्या वड्या कोरायला दिल्या. गल्लीत येणाराजाणारा तिला एक डोळा मिटून दाखवायला सांगायचा आणि माशाल्ला म्हणायचा. सुतारगल्ली सोडून दुसरीकडे असं पोर असतं तर कोणीतरी विचारलं असतं, ही सारखी डोळा का मिटते? इथे तो गुण होता.

मार्चमध्ये शाळेत डोळे तपासणाऱ्या परिचारिका आल्या. शहदचा उजवा डोळा पुठ्ठ्याने झाकला तेव्हा ती म्हणाली, "दिवे घालवले का?" चिठ्ठी घेऊन तिची आई, इन्साफ, तिला सरकारी दवाखान्यात डॉक्टर हुवैदांकडे घेऊन गेली.

या घरात आजारांची नावं सगळ्यांना पाठ. हाजाची साखर, इन्साफची थायरॉईडची गोळी, मितवल्लीचा भुशाचा खोकला. जेवताना मिठाइतकी ती नावं निघायची. पण इन्साफने रात्री जे नाव आणलं ते कोणी ऐकलं नव्हतं.

"बाबा, डॉक्टरीणबाई म्हणतात डावा डोळा आळशी आहे."

"आळशी?" मितवल्लीचा घास हातात राहिला. "बदरावींच्या घरात?"

"आळस घरातच आहे," हाजा म्हणाली. "रिफअत दुपारी बाराला उठायचा."

"आई, चेष्टा नाही. डोळा आतून चांगला आहे, पण त्याचा नंबर उजव्यापेक्षा खूप जास्त. त्याचं चित्र पुसट येतं म्हणून मेंदू त्याला विचारतच नाही, सगळं उजव्यालाच विचारतो. न विचारून विचारून तो बघायचंच विसरत चाललाय. चष्मा लावायचा आणि रोज सहा तास उजवा झाकायचा. सात-आठ वर्षांच्या आत केलं तर येतो म्हणाल्या. पुढे कठीण."

"कुठला झाकायचा?"

"उजवा."

"चांगला?"

"हो."

"म्हणजे उजवा हात दोरीने बांधायचा आणि डाव्याने गुलाब कोरायचा. पदवी कुठून आणली या बाईने?"

इन्साफ ताटं उचलू लागली. ती मिठाईच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. सासऱ्याशी वाद घालायची तिला सवय नव्हती. तिने चष्म्याच्या उजव्या काचेवर चढवायची एक कापडी खोळ शिवली, त्यावर पिवळं बदक भरलं. रोज एक वाजता शहदला शाळेतून आणायची, आजोबांच्या दुकानाच्या दारात खोळ चढवायची आणि कामावर परत जायची. सात वाजता न्यायला यायची.

पहिल्या दिवशी शहद बाकावर आपटली. दुसऱ्या दिवशी तिला पटाशी दिसेना, ती रडली. तिसऱ्या दिवशी मितवल्लीने खोळ उजव्या काचेवरून काढली आणि डाव्यावर चढवली. मोडकं झाकायचं, चालतं ते चालवायचं. डॉक्टरीण कागदावर उलटं लिहून बसली असेल. शहदचा चेहरा लगेच उजळला.

"गिद्दो, आता दिसतं!" आजोबांना ती गिद्दो म्हणायची.

"दिसणारच. हे आपल्या दोघांत हं. आईला नाही सांगायचं."

पावणेसातला बदक परत उजवीकडे जायचं. असे दोन महिने गेले.

दोन महिन्यांनी डॉक्टर हुवैदांनी डावा डोळा तपासला, कागद पाहिला, पुन्हा तपासला. सुधारणा तर नाहीच, उलट एक ओळ कमी. "पट्टी किती वेळ असते?"

"पूर्ण सहा तास," इन्साफ म्हणाली. "मी स्वतः लावते."

"कुठल्या डोळ्यावर?"

"उजव्या! मला डावंउजवं कळतं, बाई."

खुर्चीतून शहद म्हणाली, "आई गेली की गिद्दो डाव्यावर लावतात. सांगू नको म्हणाले होते, पण तुम्ही विचारलंत."

इन्साफ दवाखान्यातून थेट सासऱ्याच्या दुकानात आली. गल्लीने तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"बाबा, खुर्ची बिघडली तर तुम्ही दुसरं लाकूड आणता. मी हिला दुसरा डोळा कुठून आणू?"

"मी तिच्या भल्यासाठीच—"

"ती ऑक्टोबरात सात पूर्ण करेल. त्यातले दोन महिने तुम्ही खाल्लेत."

गमालने पॉलिशचा बोळा खाली ठेवला. मितवल्ली उठला, भुसा झटकला आणि म्हणाला, "चल. त्या बाईशीच बोलतो."

तो भांडायच्या तयारीने गेला होता. डॉक्टर हुवैदा पन्नाशीच्या, सडसडीत, याच गावच्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं: हाताची दोरी, सुताराची नजर, रक्तातला गुण. मग विचारलं, "उस्ता, ती डावा मिटते हे तुम्ही कधीपासून बघताय?"

"सहाची झाली तेव्हापासून. माझ्यासारखीच."

"तुम्हीही मिटता?"

"सगळेच मिटतात. धंदाच आहे."

"बसा बघू."

तोच कड्यांचा तक्ता. उजव्याने त्याने शेवटून दुसरी ओळ दाखवली, वय सहासष्ट असून. मग डावा. सवयीने त्याचा हात वर गेला आणि बोटं फाकली.

"हात नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्याच्या उजव्या डोळ्यावर काळी पळी धरली.

भिंत होती. भिंतीवर काहीतरी पांढरट होतं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा दूध सांडल्यासारखा.

"बोला."

"काय बोलायचं? डाव्याने कोणाला दिसतं?"

मितवल्लीने पळी बाजूला केली. "इन्साफ, तू झाक गं उजवा. झाक, झाक. आता दाखव."

इन्साफने उजवा डोळा झाकला आणि एकेक करत सात ओळी दाखवल्या. बोट कुठेही अडलं नाही.

तो उठून तक्त्याजवळ गेला आणि सातव्या ओळीवर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "माझं आता?"

"सहासष्टाव्या वर्षी? सुधारायचं ते वय गेलं, उस्ता. खोटी आशा देत नाही. तुमच्या लहानपणी कोणी झाकून पाहिलं नाही, एवढंच. एका डोळ्याला वस्तू किती दूर आहे ते नीट कळत नाही, चहा ओतताना सांडत असेल. उजवा जपा. काम करताना चष्मा लावा, ढलपी उडाली तर तुमच्याकडे दुसरा नाही."

"आणि हिचं?"

"वेळ आहे. फुकट घालवायला नाही."

त्या संध्याकाळी गल्लीने एक विचित्र प्रकार पाहिला. उस्ता मितवल्ली पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन दुकानोदुकानी फिरला आणि प्रत्येकाचा उजवा डोळा झाकून समोरची पाटी वाचायला लावली. गमालने वाचली. चहावाल्याने वाचली. आंधळा म्हणून ज्याची सगळे थट्टा करायचे त्या म्हाताऱ्या बिजागरीवाल्यानेही, मोठी अक्षरं का होईना, वाचली. घरी येऊन त्याने हाजाचा झाकला. ती म्हणाली, "अहो, डाव्यानेसुद्धा तुमची पांढरी दाढी दिसतेय. आणि दाढीत भुसा. काढा आधी." मग त्याचं तोंड बघून तिने पुठ्ठा हातातून घेतला आणि ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता इन्साफने खोळ चढवली आणि दारातच उभी राहिली.

"जा," मितवल्ली म्हणाला. "उजवा डोळा उस्ता, डावा शिकाऊ. उस्ता दुकानात बसून असेल तर शिकाऊ हात उचलत नाही. उस्तालाच बाहेर हाकलायचं असतं. आधी नीट सांगायचं की हे."

इन्साफला वाटलं, नेमकं हेच तर सांगितलं होतं. पण ती गेली.

शहदने मात्र त्याला सोडलं नाही. बदक डावीकडे जाणार नाही हे कळल्यावर तिने साबणाची वडी फेकली. "तू वाईट आहेस गिद्दो! आधी चांगला होतास!"

"वाईट तर वाईट. हे खिळे निवड. छोटे इकडे, मोठे तिकडे."

"दिसत नाहीत!"

"त्यालाही हेच हवंय, त्या आळशी डोळ्याला. तू नाही म्हटलंस की तो परत झोपणार."

खिळ्यांनंतर मसूर. मसुरांनंतर सुईत दोरा, जो महिनाभर गेलाच नाही. ती रडायची तेव्हा तो कोरत राहायचा. अंगठा फिरायचा, मान वर व्हायची नाही. गल्लीतल्या कोणी सवयीने तिला म्हटलं, "शहद, एक डोळा मिटून दाखव!" की मितवल्ली मोगरी आपटायचा. "दोन्ही उघडे! माझ्या दुकानात दोन्ही उघडे!" आणि स्वतः फळी उचलून डावा मिटायचा. गमाल हसायचा. हसू दे.

ऑगस्टमध्ये डावा डोळा तिसऱ्या ओळीवर आला. ऑक्टोबरात, सात पूर्ण झाली त्या आठवड्यात, पाचव्यावर. डॉक्टर हुवैदा म्हणाल्या, झाकायचे तास कमी करू, पण थांबवायचं नाही. मितवल्लीने विचारलं, सातवी येईल का? त्या म्हणाल्या, सहावी येईल, सातवीचं बघू. त्याने मान हलवली. सहावी म्हणजे काय हे त्याला आता नीट कळत होतं.

शहदला कोरकामात आता फारसा रस राहिला नव्हता. तिला शाळेच्या अंगणात चेंडू झेलायचा होता, आणि तो अलीकडे हातात बसू लागला होता. साबणाच्या वड्या कपाटावर पडून होत्या.

थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी, खोळ खिशात आणि चष्मा नाकावर अशी ती बसली असताना, मितवल्लीला पाणी हवं होतं. हात सरसाने भरलेले. त्याने हनुवटीने माठाशेजारचं तांब्याचं भांडं दाखवलं. शहदने ते दोन्ही हातांनी उचललं आणि बाकावरच्या काचेच्या पेल्यात ओतलं. मितवल्ली टिंग ऐकायला थांबला होता. ते वाजलंच नाही. पेला भरला.

त्याने अंगठा पुसला आणि पेल्याभोवती बाकावरून फिरवला. लाकूड कोरडं होतं.

"काय बघतोस गिद्दो?"

"काही नाही," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.